व्यवहारसंहिता, औद्योगिक सुरक्षाविषयक

कारखाने, बांधकामे, गोद्या, शेती यांसारख्या कामाच्या ठिकाणी संभवणारे अपघात व व्यवसायजन्य रोग टाळण्यासाठी कोणती खबरदारी कोणत्या पद्धतीने घ्यावी, हे तपशीलवार सांगणारी लिखित मार्गदर्शक नियमावली. अशी नियमावली शासन, मानक ठरविणारी राष्ट्रीय संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना किंवा एखाद्या उद्योगाची मध्यवर्ती संस्था तयार करते. कायदा सामान्यतः साध्य सांगतो, तर व्यवहारसंहिता ते साध्य करण्याची रीत सांगते. ‘यंत्राचे फिरते भाग भक्कम आवरणाने झाकलेले असावेत’ एवढेच अधिनियमात म्हटलेले असते. ते आवरण कशाचे असावे, किती अंतरावर असावे, ते काढण्यापूर्वी यंत्र कोणी व कसे बंद करावे, हे संहितेतून कळते. कायद्याचा भंग हा अपराध ठरतो. संहितेचा भंग सहसा स्वतः अपराध ठरत नाही, तथापि कायद्याचे पालन झाले की नाही हे ठरविताना तो पुरावा म्हणून विचारात घेतला जाऊ शकतो. संहितेचे सर्व महत्त्व व तिच्या सर्व मर्यादा या मधल्या स्थानातून उद्‌भवतात. वऱ्हाडातील, विशेषतः बुलढाणा जिल्ह्यातील, सरकी काढण्याच्या उद्योगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. आरंभी हा उद्योग बव्हंशी कायद्याच्या कक्षेबाहेर होता. पुढे तो कायद्यात आला. परंतु कायद्यातील शब्द यंत्रापाशी उभ्या असलेल्या हंगामी मजुरापर्यंत कसा पोहोचावा, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

संज्ञा व स्वरूप : ‘संहिता’ हा शब्द कायद्याच्या भाषेत दोन भिन्न अर्थांनी येतो. दंडसंहिता, श्रमसंहिता यांसारख्या शब्दांत त्याचा अर्थ एका विषयावरील एकत्रित अधिनियम असा होतो व ती संहिता पूर्णतः बंधनकारक असते. व्यवहारसंहिता ही मात्र मार्गदर्शक असते. सुरक्षेसंबंधीच्या लेखी आदेशांची स्थूलमानाने चार स्तरांत विभागणी करता येते. सर्वांत वर विधिमंडळाने संमत केलेला अधिनियम असतो. त्याखाली अधिनियमाने दिलेल्या अधिकारानुसार शासनाने केलेले नियम येतात. तेही बंधनकारक असतात. तिसऱ्या स्तरावर वस्तू, यंत्रे व मोजमापे यांची तांत्रिक मानके असतात. चौथ्या स्तरावर काम करण्याच्या रीतीविषयीच्या व्यवहारसंहिता येतात. या स्तरांमधील सीमा पक्क्या नसतात. नियमाने एखाद्या मानकाचा वा संहितेचा उल्लेख केला, की तिच्यातील मार्गदर्शनपर वाक्यांना कायद्याचे बळ लाभते.

तपशील थेट अधिनियमातच का घालू नये, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. यंत्रे व रसायने झपाट्याने बदलतात, तर अधिनियमात दुरुस्ती होण्यास वर्षे लागतात. एकाच राज्यात कापसाचा कारखाना, तेलगिरणी, रसायनांचा कारखाना आणि दगडाची खाण ही सर्व असतात. त्या सर्वांना लागू पडेल असे एकच तपशीलवार वाक्य लिहिता येत नाही. शिवाय एखाद्या मालकाने अधिक चांगला उपाय शोधून काढल्यास जुन्या तपशिलामुळे तो अडू नये, हेही इष्ट असते. म्हणून आधुनिक कायदा ‘वाजवीपणे व्यवहार्य असेल तेथवर कामगारांचे आरोग्य व सुरक्षितता यांची हमी घ्यावी’ अशा व्यापक शब्दांत मालकावर कर्तव्य टाकतो. परंतु ‘वाजवीपणे व्यवहार्य’ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येक अपघातानंतर न्यायालयात ठरवायचे, तर तोवर अपघात होऊन गेलेला असतो. ते आधीच सांगून ठेवणे, हे संहितेचे मुख्य कार्य होय.

ऐतिहासिक आढावा : ब्रिटनमध्ये कारखान्यांसंबंधीच्या कायद्यांना १८०२ पासून आरंभ झाला. १८३३ च्या अधिनियमाने कारखाना निरीक्षक नेमले गेले व १८४४ च्या अधिनियमाने यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती प्रथम आली. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत प्रत्येक मोठ्या दुर्घटनेनंतर नवा नियम, या क्रमाने तेथे नियमांचा मोठा ढीग जमा झाला. १९७० मध्ये लॉर्ड रोबेन्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७२ मध्ये अहवाल सादर केला. सुरक्षेविषयीचे अधिनियम नऊ गटांत विखुरलेले आहेत, त्यांखाली सु. पाचशे दुय्यम नियम आहेत आणि या पसाऱ्यामुळे मालक व कामगार या दोघांतही सुरक्षा म्हणजे निरीक्षकाचे काम अशी उदासीन वृत्ती बळावली आहे, असे तिचे निदान होते. त्यानुसार १९७४ मध्ये कामावरील आरोग्य व सुरक्षा अधिनियम संमत झाला. त्यात मालकाचे सर्वसाधारण कर्तव्य थोडक्या शब्दांत सांगून तपशिलासाठी मान्यताप्राप्त व्यवहारसंहितांची योजना करण्यात आली. या अधिनियमाच्या कलम १७ नुसार केवळ संहिता पाळली नाही म्हणून कोणी दोषी ठरत नाही. पण फौजदारी खटल्यात संबंधित संहितेचा भंग सिद्ध झाल्यास कायद्याचाही भंग झाला असे मानले जाते. अन्य मार्गाने कायद्याचे पालन केले होते, हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर येते. पुराव्याचा भार अशा रीतीने फिरविण्याच्या या तरतुदीमुळे मार्गदर्शक पुस्तिकेला खरे वजन प्राप्त झाले. ऑस्ट्रेलियाच्या २०११ च्या आदर्श कायद्यातही संहितेला न्यायालयात पुरावा म्हणून स्थान आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने (स्थापना १९१९) १९४९ मध्ये औद्योगिक आस्थापनांसाठी सुरक्षा नियमांची एक आदर्श संहिता प्रसिद्ध केली. त्यानंतर बांधकाम, खाणी, शेती, वस्त्रोद्योग इ. क्षेत्रांसाठी तिने वेगवेगळ्या संहिता तयार केल्या. शासन, मालक व कामगार या तिन्ही पक्षांच्या तज्ञांनी एकत्र बसून त्यांचा मसुदा केलेला असतो. त्या कोणत्याही राष्ट्रावर बंधनकारक नसतात. राष्ट्रीय नियम करताना नमुना म्हणून त्यांचा उपयोग व्हावा, अशी अपेक्षा असते. बांधकामविषयक संहिता १९९२ मध्ये निघाली व २०२२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती स्वीकारण्यात आली. शेतीविषयक संहिता २०१० मधील, तर वस्त्र, कपडे, चामडे व पादत्राणे या उद्योगांविषयीची संहिता २०२१ मधील आहे.

भारतातील कायदा व हंगामी कारखाने : भारतातील पहिला कारखाना अधिनियम १८८१ चा. तो शंभर वा अधिक कामगारांच्या व वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ चालणाऱ्या यांत्रिक कारखान्यांनाच लागू होता. कापसाच्या हंगामापुरते चालणारे सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे अनेक कारखाने या व्याख्येमुळे आपोआप वगळले गेले. १८८४-८५ च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातील अशा कारखान्यांत स्त्रियांसह मजुरांना पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत राबावे लागत असल्याच्या साक्षी झाल्या. त्याच सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी सादर केलेल्या अर्जात साप्ताहिक सुटीबरोबरच अपघातात जखमी होणाऱ्यांना भरपाई मिळावी, अशीही मागणी होती. १८९१ च्या अधिनियमाने कामगारसंख्येची मर्यादा पन्नासवर आणली आणि १९११ च्या अधिनियमाने अल्पकाळ चालणाऱ्या हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत घेतले. १९३४ च्या अधिनियमाने कारखान्यांची बारमाही व हंगामी अशी विभागणी केली. बारमाही कारखान्यांत आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती, तर सरकी काढण्याच्या कारखान्यांसह हंगामी कारखान्यांत ती ६० तासांची ठेवण्यात आली. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाने हा भेद नाहीसा करून सर्वांसाठी ४८ तासांचा आठवडा ठरविला.

१९४८ च्या अधिनियमातील सुरक्षाविषयक तरतुदी तुलनेने नेमक्या होत्या. कलम २१ मध्ये यंत्रांच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण घालणे व यंत्र चालू असताना ते जागेवर ठेवणे आवश्यक केले होते. कलम २२ नुसार चालू यंत्रावरील तपासणी वा वंगण देण्याचे काम खास प्रशिक्षित व अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावयाचे होते. भोपाळ येथील २-३ डिसेंबर १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली. तीनुसार भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य (कलम ७ अ), यंत्र बनविणाऱ्याचे व पुरविणाऱ्याचे कर्तव्य (कलम ७ ब) आणि धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण यांचा समावेश करण्यात आला. त्या प्रकरणातील कलम ४१ ई अन्वये जेथे सुरक्षेचे मानक नाही किंवा अपुरे आहे, तेथे केंद्र शासन तज्ञ संस्थेकडून तातडीचे मानक तयार करवून घेऊ शकत असे व ते नियमात समाविष्ट होईपर्यंत नियमाप्रमाणेच अंमलात येत असे. ब्रिटनमधील कलम १७ सारखी पुराव्याचा भार फिरविणारी सर्वसाधारण तरतूद मात्र भारतीय अधिनियमात नव्हती.

व्यवहारसंहिता तयार करण्याचे काम भारतात प्रामुख्याने भारतीय मानक संस्थेने (स्थापना १९४७, १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो) केले. विद्युत् उपकरणांचे अर्थिंग, अग्निशामकांची निवड व देखभाल, जोडकाम करताना घ्यावयाची आगीविषयीची खबरदारी, खोदकाम, पराती व शिड्या अशा अनेक विषयांवरील तिच्या संहिता उपलब्ध आहेत. सुरक्षा व आरोग्य यांच्या परीक्षणाची रीत सांगणारी आय. एस. १४४८९ ही संहिता १९९८ मध्ये निघाली. कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालय, मुंबई हे तांत्रिक सल्ला देते, तर ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद प्रशिक्षण व प्रसाराचे काम करते. महाराष्ट्रात अंमलबजावणीचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. २००९ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण यांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात सर्व आर्थिक क्षेत्रांसाठी मानके व व्यवहारसंहिता तयार करण्याचे उद्दिष्ट मांडलेले आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील सरकी काढण्याचा उद्योग : पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या कसदार जमिनीमुळे बुलढाणा जिल्ह्याचा उत्तर भाग पूर्वीपासून कापसासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची एक प्रमुख बाजारपेठ बनली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सु. १३ किमी. लांबीचा लोहमार्ग प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. खामगाव, मलकापूर, नांदुरा व शेगाव येथे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. ‘जिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कारखान्यांत दसरा-दिवाळीनंतर काम सुरू होते व कापसाची आवक संपेपर्यंत चालते. [⟶ कापूस].

भारतात सरकी काढण्यासाठी मुख्यतः दोन रुळांचे यंत्र वापरतात. चामड्याच्या चकत्यांनी मढविलेले दोन रूळ परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात व कापसाचे तंतू धरून ओढतात. रुळाला टेकलेल्या पात्यामुळे सरकी मागे राहते व जाळीतून खाली पडते. जुन्या कारखान्यांत अशा यंत्रांची लांब रांग असे आणि ती सर्व जमिनीखालच्या वा ओट्याखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या एकाच लांब फिरत्या दांड्यावरून, म्हणजे लाइन शाफ्टवरून, पट्ट्यांच्या साहाय्याने चालत. खाली पडलेली सरकी काढण्यासाठी व धारव्यांना वंगण देण्यासाठी मजूर त्या अंधाऱ्या जागेत उतरत. तेथे साडीचा पदर, धोतराचा सोगा किंवा सुटे केस फिरत्या दांड्यात अडकणे म्हणजे जीव वा अवयव गमावणे होते.

या एका धोक्यावर कायद्याने दिलेले उत्तर व्यवहारसंहितेचे कार्य स्पष्ट करण्यास पुरेसे आहे. कलम २१ मध्ये ‘भक्कम आवरण’ एवढेच शब्द होते. कारखाना नियमांच्या सरकी काढण्याविषयीच्या परिशिष्टाने त्याचा तपशील भरून काढला : जमिनीखालील लाइन शाफ्ट सलग भिंतीने किंवा चढून जाता न येणाऱ्या कुंपणाने पूर्ण बंदिस्त असावा, सरकी काढणे, साफसफाई व वंगण यांसाठी आवश्यक तेवढीच दारे त्याला असावीत, आणि ती दारे यंत्र चालू असताना बंद व कुलूपबंद राहावीत. मूळ अधिनियमातील दोन शब्दांचा अर्थ अशा रीतीने भिंत, दार व कुलूप यांच्या भाषेत सांगितला गेला. तथापि कुलपाची किल्ली कोणाकडे असावी, यंत्र थांबले आहे याची खात्री कोणी करावी, पुन्हा सुरू करण्यापूर्वी कोणाला आवाज द्यावा, हे प्रश्न नियमातही राहून जातात. ते सोडविणे हे संहितेचे व कारखान्यातील दैनंदिन शिस्तीचे क्षेत्र होय.

दुसरे उदाहरण कापूस पिंजून मोकळा करणाऱ्या यंत्राचे आहे. अशा यंत्राच्या जागेत स्त्रिया व बालके यांना कामास ठेवण्यास १९४८ च्या अधिनियमाच्या कलम २७ ने बंदी केली होती. यंत्राच्या कापूस भरण्याच्या व बाहेर पडण्याच्या बाजूंमध्ये छतापर्यंत किंवा निरीक्षक लेखी ठरवून देईल तेवढ्या उंचीची आडभिंत असल्यास भरण्याच्या बाजूस मात्र त्यांना काम करता येत असे. धोक्याच्या जागेपासून अंतर राखणे हा येथील उपाय आहे. यंत्रच सुरक्षित करणे हा नव्हे. कापसाच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने अशा बंदीमुळे त्यांच्या रोजगारावरही मर्यादा येते. ही दुहेरी बाजू पुढील काळातील कायद्यात महत्त्वाची ठरली.

यांशिवाय या उद्योगात आगीचा धोका सदैव असतो. कापसात आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रावर घासून पडणारी ठिणगी, तापलेला धारवा, उघडी वीजतार यांपैकी कोणतेही एक कारण पुरते. दबलेल्या गाठीत आग आतल्या आत धुमसत राहू शकते. म्हणून कापसाच्या मार्गात चुंबक बसविणे, साठे एकमेकांपासून अंतरावर ठेवणे, धूळ व तंतू रोजच्या रोज झाडणे, पाण्याचा साठा व अग्निशामके हाताशी ठेवणे ही संहितांची सर्वमान्य सूत्रे आहेत. कापसाच्या उंच ढिगाखाली माणूस गाडला जाण्याचा धोकाही असतो. ढीग खालून पोखरून काढू नये, ही त्यावरील साधी खबरदारी होय. कापूसधुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या रोगात सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. १९४८ च्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचनीय रोगांमध्ये त्याचा समावेश होता. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे रूळ झिजल्याने धुळीत क्रोमियम मिसळते. त्यावर उपाय म्हणून मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमियमविरहित रूळ विकसित केले. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाखाली अनेक कारखान्यांचे आधुनिकीकरण होऊन हवेच्या झोताने कापूस वाहून नेण्याची सोय झाली व डोक्यावरून वाहतूक करण्याचे काम कमी झाले.

मळणीयंत्र व मानकाला मिळालेले कायद्याचे बळ : शक्तिचलित मळणीयंत्रांत पेंढी सरकविताना हात तुटण्याचे अपघात १९७० नंतर देशात मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. शेत हा कारखाना नसल्याने कारखाना अधिनियम तेथे लागू होत नव्हता. भारतीय मानक संस्थेने १९७९ मध्ये मळणीयंत्रांच्या सुरक्षिततेसंबंधी मानके काढली. त्यांनुसार पेंढी भरण्याची पन्हळ किमान ९० सेंमी. लांब असावी व तिचा यंत्राकडील किमान ४५ सेंमी. भाग वरून झाकलेला असावा. या मोजमापांचा आधार माणसाच्या हाताची लांबी हा आहे. पन्हळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात आतील दात्यांपर्यंत पोहोचू नये, हा त्यामागील हेतू होय. १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम संमत होऊन मळणीयंत्रांची निर्मिती व विक्री यांवर नियंत्रण आले. सुरक्षिततेची जबाबदारी यंत्र चालविणाऱ्याकडून यंत्र बनविणाऱ्याकडे नेण्याचे हे ठळक उदाहरण आहे. ज्वारी, हरभरा व सोयाबीन पिकविणाऱ्या बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

बांधकाम : इमारत व इतर बांधकाम कामगारांसंबंधीचा अधिनियम १९९६ मध्ये झाला, केंद्राचे नियम १९९८ चे व महाराष्ट्राचे नियम २००७ चे आहेत. त्यांत अनेक ठिकाणी राष्ट्रीय मानकांचा आधार घेतलेला आहे. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग (७०१ किमी.) बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर व सिंदखेड राजा या भागांतून जातो. या महामार्गाचे काम चालू असताना २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेड राजा तालुक्यातील तढेगाव फाट्यानजीक लोखंडी सळया व मजूर एकत्र घेऊन जाणारा टिप्पर उलटून १३ मजूर मृत्युमुखी पडले. प्रवाशांसाठी बनविलेल्या आसनाशिवाय वाहनावर कोणी बसू नये, तसेच माल व माणसे एकाच वाहनावरून नेऊ नयेत, हे बांधकामावरील वाहतुकीचे सर्वत्र मान्य असलेले सूत्र आहे. अशा सूत्रांना भारी यंत्रसामग्री वा मोठा खर्च लागत नाही. कामाच्या वेळापत्रकात मजुरांसाठी स्वतंत्र फेरी धरलेली असावी लागते. संहिता कामाच्या नियोजनाचा भाग बनली नाही, तर ती कागदावरच राहते, हे या दुर्घटनेवरून ध्यानात येते.

न्यायालयांचा दृष्टिकोन : आवरणाविषयीच्या तरतुदीचा अर्थ भारतीय न्यायालयांनी कडक लावला आहे. आवरण एकदा बसविले होते, एवढे सांगून व्यवस्थापकाची जबाबदारी संपत नाही; यंत्र चालू असताना ते जागेवर राहील याची दक्षता त्याने घेतली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका कारखान्याच्या खटल्यात १९६० नंतरच्या दशकात स्पष्ट केले. जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टस उद्योगातील कामगारांसंबंधीच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ खटल्यात कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे याच न्यायालयाने म्हटले आणि तंतूंच्या अनुज्ञेय प्रमाणाचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८६ च्या ठरावाच्या प्रकाशात फेरविचार करण्याचा आदेश दिला. स्वतः बंधनकारक नसलेले आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन न्यायालयामार्फत देशाच्या कायद्यात कसे येते, याचा हा नमुना होय.

लिखित नियमाची एक दुसरीही बाजू आहे. १९२३ च्या भरपाई अधिनियमानुसार कामगाराने सुरक्षेसाठी स्पष्टपणे केलेला नियम वा दिलेला आदेश हेतुपुरस्सर मोडल्यामुळे किंवा आवरण हेतुपुरस्सर काढल्यामुळे इजा झाली, तर मृत्यू व कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर बाबतीत मालक भरपाईच्या दायित्वातून मुक्त होऊ शकत असे. म्हणजे जी संहिता कामगाराच्या रक्षणासाठी लिहिली गेली, तीच त्याची भरपाई नाकारण्याचे साधन बनू शकते. म्हणून नियम कामगाराला समजेल अशा रीतीने सांगितला गेला होता काय, तो पाळण्याइतका वेळ व साधने त्याला दिली होती काय आणि आवरण काढल्याखेरीज ठरलेले काम उरकणे शक्य होते काय, हे प्रश्न अशा प्रत्येक वादात कळीचे ठरतात.

२०२० ची संहिता : व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तिने कारखाना अधिनियम, १९४८ व बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ यांसह तेरा अधिनियमांची जागा घेतली. तिच्याशी विसंगत नसलेले जुने नियम संक्रमणकाळात चालू ठेवण्याची तरतूद तिच्यात आहे. कामाची जागा इजा वा रोग उद्‌भवू शकेल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य तिने मालकावर टाकले आहे. ठरवून दिलेल्या गटांतील कामगारांची मोफत वार्षिक वैद्यकीय तपासणी व प्रत्येकास नेमणूकपत्र या तरतुदीही तिच्यात आहेत. सुरक्षेची मानके अधिसूचनेने जाहीर करण्याचा अधिकार केंद्र शासनास असून सल्ल्यासाठी राष्ट्रीय मंडळाची योजना आहे. म्हणजे अधिनियमात थोडके शब्द व मानकांत तपशील, ही विभागणी येथे अधिक स्पष्ट झाली आहे.

कारखान्याची व्याख्या मात्र बदलली आहे. पूर्वी विजेवर चालणाऱ्या दहा व विजेविना चालणाऱ्या वीस कामगारांच्या जागेस कारखाना म्हणत. आता या संख्या अनुक्रमे वीस व चाळीस झाल्या आहेत. दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये लागू राहतात. धोकादायक वा जीवितास अपायकारक कामांच्या बाबतीत केंद्र शासन अधिसूचनेने त्याहून लहान जागांनाही संहिता लावू शकते. स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर नेमणुकीचा हक्क देण्यात आला असून धोकादायक कामात त्यांना घेण्यापूर्वी पुरेशा संरक्षक उपायांची व्यवस्था करण्यास मालकास भाग पाडता येते. बंदीऐवजी संरक्षण असा हा बदल आहे. परंतु ‘पुरेसे संरक्षक उपाय’ कोणते, हे ठरविणारी मानके व संहिता नीट नसतील, तर बंदीने मिळणारे संरक्षण जाईल आणि त्याच्या जागी दुसरे काही येणार नाही. त्यामुळे नव्या व्यवस्थेत व्यवहारसंहितांचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे.

मर्यादा : व्यवहारसंहितेच्या यशापयशात तीन गोष्टींचा वाटा असतो. पहिली भाषेची. १९४८ च्या कलम १०८ नुसार अधिनियमाचा गोषवारा इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्यात लावावा लागे. व्यवहारसंहितांच्या बाबतीत अशी सक्ती नव्हती व त्या बहुतांशी इंग्रजीत असतात. दुसरी गोष्ट हंगामाची. चार-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या मजुराचे प्रशिक्षण दरवर्षी नव्याने करावे लागते आणि कापसाची आवक जोरात असते, त्या दिवसांतच त्यासाठी वेळ काढणे कठीण जाते. तिसरी गोष्ट सहभागाची. संहितेतील अनेक सूचना प्रत्यक्ष यंत्रावर काम करणाऱ्याच्या अनुभवातून येतात. कोठे हात अडकतो व कोणते झाकण कामाच्या आड येते, हे त्यालाच प्रथम कळते. ज्या ठिकाणी अशा अनुभवाची दखल घेऊन संहिता कारखान्यापुरती पुन्हा लिहिली जाते, हंगामाच्या पहिल्या दिवशी मराठीतून वाचून दाखविली जाते आणि लाइन शाफ्टच्या दाराची किल्ली एका जबाबदार व्यक्तीच्या हाती राहते, तेथे अधिनियमातील ‘सुरक्षित’ या शब्दाला प्रत्यक्ष अर्थ येतो. निरीक्षकाची भेट वर्षातून क्वचित होते. संहिता मात्र, पाळली गेल्यास, प्रत्येक पाळीत उपस्थित असते.